हुशार भ्रूण निवडता येतं का? आणि आलं, तर निवडावं का?

परदेशातल्या काही कंपन्या आयव्हीएफ करणाऱ्या जोडप्यांना एक तक्ता देऊ लागल्या आहेत. तुमची भ्रूणं इतकी, प्रत्येकाला एक क्रमांक, आणि क्रमांकासमोर मधुमेहाचा धोका, होऊ घातलेली उंची, अंदाजे आयक्यू. ऑक्टोबर २०२४ मध्ये लंडनच्या 'गार्डियन' वृत्तपत्राने अशा एका अमेरिकी कंपनीची बातमी दिली होती. शंभर भ्रूणांच्या तपासणीसाठी पन्नास हजार डॉलरपर्यंत दर, आणि सहापेक्षा जास्त आयक्यू गुण वाढतील असा दावा. अमेरिकेत यावर बंदी नाही, त्यामुळे तिथे राहणाऱ्या मराठी जोडप्यांसमोरही हा तक्ता येऊ शकतो. इथल्या वाचकाच्या मनात मात्र दोन प्रश्न एकदमच येतात: हे खरंच होतं का, आणि होत असेल तर करावं का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर नीट समजल्याशिवाय दुसऱ्याला हात घालता येत नाही. नैतिकतेवरच्या बहुतेक चर्चा इथेच घसरतात. विकलं काय जातंय हे न पाहताच 'अतिमानव येणार' म्हणून कुणी घाबरतं, कुणी हरखून जातं.

प्रयोगशाळेत नेमकं काय घडतं

आयव्हीएफमध्ये बाईला आठ ते चौदा दिवस रोज संप्रेरकांची इंजेक्शनं घ्यावी लागतात, म्हणजे एका महिन्यात एकाऐवजी अनेक बीजं पिकतात. मग भूल देऊन, सोनोग्राफीत पाहत, सुईने ती बीजं बाहेर काढतात आणि शुक्राणूंशी फलित करतात. पाचव्या-सहाव्या दिवशी भ्रूण शंभर-दोनशे पेशींचा एक पोकळ गोळा झालेलं असतं. त्याच्या आतल्या पुंजक्यातून बाळ घडतं आणि बाहेरच्या आवरणातून वार. तपासणीसाठी या आवरणातल्या पाच ते दहा पेशी काढून घेतात आणि भ्रूण उणे १९६ अंशाच्या द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवतात.

एका पेशीत जेमतेम सहा पिकोग्रॅम डीएनए असतो. पाच पेशींतला सगळा धरला तरी तो एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागाहूनही कमी भरतो. एवढ्यावर चाचणी होत नाही, म्हणून आधी त्याच्या लाखो प्रती काढाव्या लागतात. फिकट कागदाची झेरॉक्स काढताना काही अक्षरं उठतच नाहीत, तसंच इथे होतं. आईकडून आलेलं अक्षर, म्हणजे डीएनएतलं एक रासायनिक एकक, उठतं, बापाकडून आलेलं गळतं. मग आईबापांचा डीएनए शेजारी ठेवून गाळलेल्या जागा भराव्या लागतात. यातला बराचसा भाग बरोबर भरता येतो. तरी तक्त्यातला प्रत्येक आकडा या भरलेल्या जागांवर उभा असतो, ते लक्षात असलेलं बरं.

एका अक्षराचा आजार, हजारो अक्षरांचा गुण

गडचिरोलीत, नंदुरबारच्या सातपुड्यात सिकलसेलचे रुग्ण आहेत. हा आजार एका जनुकातल्या एकाच अक्षराच्या बदलाने होतो. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भाला आजाराची शक्यता चारात एक. भ्रूणाच्या पेशी तपासून ते अक्षर बदललेलं आहे की नाही हे सांगता येतं, आणि प्रयोगशाळा काळजीपूर्वक काम करत असेल तर त्या उत्तरावर भरवसा ठेवता येतो. थॅलेसेमियाचंही तसंच. चाचणीला काय शोधायचंय ते ठाऊक असतं आणि ते एका ठरावीक जागी असतं. अशा चाचणीबद्दल या लेखात काहीही तक्रार नाही.

बुद्धीला अशी एक जागा नाही. संशोधकांनी लाखो लोकांचा डीएनए आणि त्यांच्या शिक्षणाची वर्षं शेजारी मांडून, दोन्हींचं नातं जिथे दिसतं त्या डीएनएतल्या जागा शोधल्या. आयक्यू न घेता शिक्षणाची वर्षं घेतली, कारण तो प्रश्न प्रत्येक फॉर्मवर असतो आणि विचारायला पैसे लागत नाहीत. २०१८ च्या अभ्यासात अकरा लाख लोक होते, जागा सापडल्या १,२७१. २०२२ मध्ये तीस लाख लोक, जागा चार हजारांच्या आसपास. २०१८ मध्ये सापडलेल्या साधारण एका जागेचा प्रभाव किती, तर शिक्षणात पावणेदोन आठवड्यांचा फरक.

या सगळ्या चिमूटभर प्रभावांची बेरीज म्हणजे 'पॉलिजेनिक स्कोअर'. पुढे त्याला नुसतं स्कोअर म्हणू. गणपतीच्या वर्गणीसारखं हे चालतं. एकेका घराचे दहा-वीस रुपये, त्यातून एक रक्कम उभी राहते, पण कुठल्याही एका पावतीवरून मांडव किती मोठा होणार ते कळत नाही. २०२२ च्या स्कोअरने माणसामाणसांतल्या शिक्षणाच्या फरकापैकी १२ ते १६ टक्के भाग उलगडतो. बुद्धिचाचणीच्या गुणांतला त्याहून कमी, २०१८ च्या स्कोअरने ७ ते १० टक्के. आणि आता खरी मेख अशी, की हे आकडे एकमेकांना अनोळखी असलेल्या माणसांची तुलना करून आलेत. सख्ख्या भावंडांची तुलना केली की स्कोअरची ताकद जवळपास निम्म्यावर येते. भ्रूणांचा तक्ता तर सख्ख्या भावंडांचाच असतो.

निम्म्यावर का येते? कारण स्कोअर काही प्रमाणात घरच मोजत असतो. शिकलेल्या आईबापांच्या घरात पुस्तकं असतात, अभ्यासाला वेगळी जागा असते, पोराच्या प्रश्नाला उत्तर मिळतं. त्यांची काही जनुकं पोराकडे येतात, काही येत नाहीत. आइसलंडमध्ये २०१८ मध्ये तपासलं तेव्हा मुलाकडे न आलेल्या जनुकांचाही त्याच्या शिक्षणावर प्रभाव दिसला, आणि तो आलेल्या जनुकांच्या प्रभावाच्या सुमारे ३० टक्के होता. न आलेलं जनुक पेशीत काहीच करू शकत नाही. ते काम घराने केलं होतं.

आकडे मांडून बघू

समजा एका पस्तिशीतल्या बाईची दहा बीजं मिळाली. साधारण आठ पक्की असतात. त्यातली सहा फलित होतात. पाचव्या दिवसापर्यंत टिकतात दोन किंवा तीन. त्यातल्या एखाद्यात गुणसूत्रांची संख्याच चुकलेली निघते. हाती उरतात दोन. कधी एकच. जाहिरातीतली शंभर भ्रूणं कुठल्याही बाईच्या एका चक्रातून निघत नाहीत.

२०१९ मध्ये जेरुसलेमच्या संशोधकांनी हिशोब मांडला होता. दहा भ्रूणांतून सर्वांत वरच्या स्कोअरचं निवडलं, तर सरासरी भ्रूणाच्या तुलनेत अपेक्षित फायदा सुमारे अडीच आयक्यू गुणांचा. उंचीचा सुमारे अडीच सेंटिमीटर. तोच हिशोब पाच भ्रूणांना लावला तर दोन गुणांच्या आत येतो. दोन भ्रूणांना लावला तर साधारण एक गुण. एकाच मुलाची बुद्धिचाचणी दोनदा घेतली तरी गुण तीन-चारने सहज इकडेतिकडे होतात, मग एका गुणाचं काय घेऊन बसायचं!

शिवाय ही सरासरी आहे. प्रत्यक्ष एका घरात काय होईल याचा त्यात शब्द नाही. त्याच संशोधकांनी मुलं मोठी झालेली २८ मोठी कुटुंबं पाहिली, काहींत वीसपर्यंत भावंडं. उंचीचा स्कोअर बुद्धीच्या स्कोअरपेक्षा खूपच चांगला आहे, तरीही ज्याचा स्कोअर सर्वांत वर तेच भावंड खरोखर सर्वांत उंच निघालं, अशी कुटुंबं थोडीच होती. काही घरांत तर ते भावंडांच्या सरासरीहून बुटकं निघालं.

आणखी एक गोष्ट तक्त्यात लिहिलेली नसते. गर्भाशयात सोडलेलं चांगलं भ्रूणही जवळपास निम्म्या वेळा रुजत नाही. पहिल्या क्रमांकाचं रुजलं नाही, की दुसऱ्याची पाळी येते आणि मोजून मिळवलेला फायदा तिथेच संपतो.

'पण बुद्धी आनुवंशिक असते ना?'

असते. जुळ्यांच्या अभ्यासांत प्रौढ माणसांच्या बुद्धीतल्या फरकाचा निम्मा किंवा त्याहून जास्त भाग आनुवंशिक निघतो. पण आनुवंशिक असणं वेगळं आणि आधी सांगता येणं वेगळं.

कोकणातल्या कुठल्याही बागायतदाराला हे शिकवावं लागत नाही. हापूसची कोय लावली तर झाड येतं, आंबाही येतो, पण तो हापूसच निघेल याची खात्री कुणी देत नाही. म्हणून कलम बांधतात. फळाचे गुण झाडातूनच आलेले असतात, म्हणजे ते शंभर टक्के आनुवंशिक म्हटलं तरी चालेल, पण कोयीत दोन झाडांचे पत्ते पिसले जातात आणि कुठला पत्ता वर आला ते कोय पाहून कळत नाही. माणसाचं प्रत्येक मूल कोयीचं असतं. आजचा स्कोअर म्हणजे त्या पिसलेल्या गड्डीतले थोडेसे पत्ते, तेही अर्धवट दिसलेले.

उद्या स्कोअर सुधारतील हे खरं. भावंडांतही चालणारे, जास्त जागा पकडणारे स्कोअर येतील. तेव्हा एका गुणाचे चार होतील, कदाचित जास्त. म्हणून नैतिक प्रश्न फक्त 'हे चालत नाही' एवढ्यावर सोडून देता येत नाही. आज मात्र जे विकलं जातंय ते आजचं आहे, आणि दर उद्याच्या मालाचा लावला जातोय.

मग बिघडलं काय?

चालत नसेल तर नुकसान तरी काय, पैसेवाल्यांचे पैसे जातील, असं कुणी म्हणेल. नुकसान आहे, आणि सगळ्यात आधी ते आईच्या शरीराचं आहे. दोन भ्रूणांतून निवड फारशी होत नाही म्हटल्यावर सल्ला येतो की आणखी एक चक्र करा, आणखी भ्रूणं जमवा. म्हणजे पुन्हा इंजेक्शनं, पुन्हा भूल. बीजांडकोश जास्त उत्तेजित झाले तर पोटात पाणी साठतं, लघवी कमी होते, रक्त घट्ट होऊन गुठळ्या होण्याचा धोका असतो. क्वचित रुग्णालयात ठेवावं लागतं. मूल हवं म्हणून हा धोका पत्करणं समजतं. एका अंदाजे गुणासाठी निरोगी बाईला पुन्हा त्यातून नेणं मला पटत नाही.

दुसरं, जनुकं एकेका कामाला बांधलेली नसतात. शिक्षणाच्या स्कोअरशी जवळचा दृष्टिदोष जोडलेला आहे, आणि बायपोलर या मनोविकाराच्या धोक्याशीही त्याचं नातं आढळलं आहे. एक दोरी ओढली की दुसरी हलते. तक्त्यात हुशारीचा रकाना असतो. तिच्यामुळे काय वाढतंय त्याचा रकाना असेलच असं नाही.

तिसरं मराठी माणसाच्या थेट कामाचं. हे स्कोअर बनले ते मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवर. २०१९ च्या सुमारास अशा अभ्यासांतले जवळपास ७९ टक्के लोक त्या वंशाचे होते. वेगवेगळ्या गुणांचे असे स्कोअर दक्षिण आशियाई लोकांना लावले तेव्हा त्यांची अचूकता सरासरी एक तृतीयांशाहून अधिक घटली, आफ्रिकी वंशाच्या लोकांमध्ये तर ती चौथ्या हिश्शाच्याही खाली आली. कारण स्कोअर बहुतेकदा खरं कारण असलेलं अक्षर पकडत नाही, त्याच्या शेजारचं पकडतो. कोण कोणाचा शेजारी, हे लोकसमूहानुसार बदलतं. पुण्याच्या पत्त्यावर नाशिकचा नकाशा घेऊन निघण्यासारखं आहे ते. न्यूजर्सीतल्या मराठी जोडप्याला मिळालेला एक गुण आणखी आक्रसतो, दर मात्र तोच.

'क्लासला पैसे घालतोच की'

सगळ्यात प्रामाणिक आक्षेप हा आहे. आईबाप दुधात बदाम घालतात, गर्भसंस्काराच्या वर्गाला जातात, चांगली शाळा मिळावी म्हणून भाड्याचं घर घेतात, आठवीपासून स्पर्धापरीक्षेचा क्लास लावतात. मग जन्माआधी थोडी निवड केली तर आभाळ कोसळलं का? तत्त्वज्ञ ज्युलियन सवुलेस्कू यांनी २००१ मध्ये हीच गोष्ट आणखी पुढे नेली. निवडायची सोय असेल तर सर्वांत चांगलं आयुष्य लाभण्याची शक्यता असलेलं मूल निवडणं हे पालकांचं कर्तव्यच आहे, असं ते म्हणतात.

याला घाईघाईत उत्तर देता येणार नाही. 'मुलाची संमती नाही' असं आपण पटकन म्हणतो. पण तिसऱ्या क्रमांकाऐवजी पहिलं भ्रूण निवडलं, म्हणजे कुठल्याच मुलात बदल केलेला नाही. एका मुलाऐवजी दुसरं मूल जन्माला आलं, एवढंच. जन्मलेलं मूल 'माझं वाईट केलंत' असं म्हणू शकत नाही, कारण निवड झाली नसती तर ते नसतंच. जे जन्मलंच नाही ते तक्रार करत नाही. तत्त्वज्ञानात हा पेच डेरेक पारफिट यांच्या नावाशी जोडलेला आहे, आणि तो खरोखर अवघड आहे.

म्हणून नुकसान मुलाच्या संमतीत शोधू नये. ते इतर ठिकाणी सापडतं. क्लास लावलेला पोरगा तिथून पळून जाऊ शकतो, 'मला जमत नाही' म्हणून सांगू शकतो, आणि बाप रागावला तरी शेवटी ऐकतो. स्कोअरवरून निवडलेल्या मुलाच्या कपाळावर आईबापांनी पैसे मोजून एक आकडा लिहिलेला असतो. दहावीत ६२ टक्के पडले की त्या घरात काय बोललं जाईल ते आपल्याला चांगलं ठाऊक आहे. आकडा खोटा ठरला असं कुणी म्हणणार नाही. पोरगं कमी पडलं असंच म्हणतील.

आणि चढाओढीचं काय? वैद्यकीय प्रवेशाच्या जागा ठरलेल्या असतात, एमपीएससीच्या ठरलेल्या असतात. जत्रेत तमाशा बघताना पहिली रांग उभी राहिली की मागच्या सगळ्यांना उभं राहावं लागतं. दिसतं आधीइतकंच, पाय मात्र सगळ्यांचे दुखतात. ज्याला आयव्हीएफ परवडत नाही तो खाली बसलेलाच राहतो. एक गोष्ट मान्य केली पाहिजे, की बुद्धी फक्त चढाओढीची वस्तू नाही. एका शास्त्रज्ञाने लस शोधली तर तिचा उपयोग सर्वांना होतो. पण एकेक-दोन-दोन गुणांची वाढ, तीही पैसेवाल्या घरांत, लस शोधून देत नाही. रांगेत एक पाऊल पुढे सरकवते, बस्स.

निवडीची सोय आपण एकदा पाहिली आहे

गर्भजलपरीक्षा आली ती गुणसूत्रांचे दोष ओळखायला. महाराष्ट्रात तिचा उपयोग मुलगी ओळखून पाडण्यासाठी होऊ लागला. पुढच्या हुंड्यापेक्षा आत्ताचा खर्च परवडतो, अशा अर्थाच्या जाहिराती लागल्या. स्त्रीसंघटनांनी रान उठवलं आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला प्रतिबंधक कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरीही राज्यातलं शून्य ते सहा वयोगटातल्या मुलींचं दर हजारी प्रमाण १९९१ मध्ये ९४६ होतं, ते २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झालं. बीड जिल्ह्यात त्या वर्षी ८०७.

त्या काळात कुठल्याही सरकारने मुली नकोत म्हटलं नव्हतं. हजारो घरांनी एकेकट्याने घेतलेले निर्णय, प्रत्येकाला आपापल्या घरी बरोबर वाटलेले. विसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत सुप्रजननशास्त्राच्या नावाखाली सरकारांनी लोकांची सक्तीने नसबंदी केली, एकट्या अमेरिकेत साठ हजारांहून अधिक. आता सक्ती नाही म्हणून निर्धास्त राहा असं सांगतात, त्यांनी बीडचा आकडा पुन्हा वाचावा. सक्तीवाचूनही कुणाला जन्माला येऊ द्यायचं याची समाजाची यादी तयार होते, आणि आज बुद्धी असलेल्या रकान्यात उद्या त्वचेचा रंग यायला काहीच अडचण नाही. लग्नाच्या जाहिरातीत तो रकाना आधीपासून आहे.

चांगुलपणाची गोळी

काही विचारवंतांचं म्हणणं याच्याही पुढचं आहे. २००८ मध्ये इंगमार पेरसन आणि सवुलेस्कू यांनी मांडलं की बुद्धी वाढवणं धोक्याचंच आहे, कारण हुशार माणसाच्या हाती विध्वंसाची साधनं येतात. म्हणून आधी नीतिमत्ता वाढवा, लागलंच तर जीवशास्त्राच्या मदतीने. विचार गंभीर आहे. हातात साधनं काय आहेत ते बघू.

ऑक्सिटोसिन हे बाळंतपणात आणि अंगावर पाजताना स्रवणारं संप्रेरक. २००५ मध्ये झुरिकच्या प्रयोगात ते नाकातून फवारल्यावर माणसं पैशाच्या खेळात अनोळखी भागीदारावर जास्त विश्वास टाकतात असं दिसलं. फवारलेल्या २९ जणांपैकी १३ जणांनी सगळेच्या सगळे पैसे हवाली केले, ऑक्सिटोसिन नसलेला फवारा मिळालेल्या २९ पैकी सहा जणांनी. जगभर 'विश्वासाचं रसायन' म्हणून गाजावाजा झाला. २०२० मध्ये ६७७ जणांवर तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा तो परिणाम मिळाला नाही. मधल्या काळात नेदरलँड्समधल्या प्रयोगांत वेगळंच दिसलं होतं: ऑक्सिटोसिनने माया वाढते ती आपल्या गटातल्या माणसांवर. परक्यांच्या वाट्याला ती येतेच असं नाही. आईच्या मायेला उंबरठा असतो, हे त्यातून उमगतं.

नैराश्यावरचं सिटालोप्रॅम हे औषध देऊन पाहिलं. नीतीच्या काल्पनिक कोड्यांत माणसं इतरांना इजा करायला जास्त कचरली. पण त्याच औषधाने समोरच्याने अन्यायाचा वाटा दिला तरी तो नाकारण्याची त्यांची तयारीही कमी झाली. आता सांगा, अन्याय मुकाट्याने घेणारा माणूस जास्त नीतिमान झाला का?

गाठ इथेच आहे. आयक्यू मोजायला निदान एक चाचणी आहे, भले ती तोकडी असो. चांगुलपणा कशावर मोजणार? प्रयोगात मोजली जाते ती सौम्यता, सहकार्य, न भांडणं. १८४८ मध्ये पुण्यात सावित्रीबाई फुले मुलींच्या शाळेत शिकवायला निघाल्या तेव्हा त्यांच्यावर शेण-चिखल टाकणारे लोक आपापल्या वाड्यात सौम्य, सहकारी आणि सज्जनच म्हणवले जात असणार. त्या गल्लीतली 'सहकार्य' वाढवणारी गोळी कुणाला दिली गेली असती? ब्रिटिश तत्त्वज्ञ जॉन हॅरिस यांनी पेरसन-सवुलेस्कूंना दिलेलं उत्तर मला म्हणूनच भिडतं: ज्याला वाईट वागणं शक्यच उरलेलं नाही, त्याच्या चांगल्या वागण्याला नीती म्हणता येत नाही.

रागावर ताबा राहत नाही म्हणून उपचार घेणारा माणूस, व्यसनातून सुटायला औषध घेणारा माणूस, यांच्यावर हा आक्षेप लागू नाही. त्यांना वाटतं तसं वागता यावं म्हणून ते स्वतः औषध घेतात. जन्माआधी किंवा दुसऱ्याच्या हुकमाने स्वभाव घडवणं ही निराळी गोष्ट.

अभ्यासाच्या गोळ्यांबद्दल तीनच वाक्यं. मोडाफिनिल आणि मेथिलफेनिडेट ही अनुक्रमे अतिझोपेच्या विकारावरची आणि अवधान कमी असण्यावरची औषधं. निरोगी माणसांवरच्या २०२३ च्या एका प्रयोगात अशा औषधांनी कष्ट वाढले पण निर्णयांचा दर्जा घसरला. मोडाफिनिलने गर्भनिरोधक गोळीचा असरही कमी होतो, हे होस्टेलवर वाटून घेणाऱ्या मुलींना कुणी सांगत नाही.

जनुकच बदललं तर?

नोव्हेंबर २०१८ मध्ये चीनचे संशोधक हे जियानकुई यांनी जनुक बदललेल्या जुळ्या मुली जन्मल्याचं जाहीर केलं. उद्देश एचआयव्हीपासून संरक्षणाचा होता, बदल अर्धवट झाले होते, आणि त्यांना तीन वर्षांची कैद झाली. एका जनुकात ही अवस्था. बुद्धीच्या हजारो जागा अशा बदलणं आज कुणाच्याही हातात नाही, म्हणून इथे थांबत नाही.

बुद्धी वाढवणारी गोष्ट आपल्या मिठाच्या बरणीत आहे

आयोडीन मिळालं नाही तर गर्भाच्या मेंदूची वाढ खुंटते. तीव्र कमतरता असलेल्या भागांतल्या मुलांचा आयक्यू इतरांपेक्षा बारा-तेरा गुणांनी कमी आढळला आहे. भ्रूणनिवडीच्या एका गुणाशेजारी हा आकडा ठेवून बघा. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड कमी होतो हे दाखवलं, आणि त्यावर देशाचा कार्यक्रम उभा राहिला.

मिठात घरी पोचेपर्यंत किमान पंधरा पीपीएम (दहा लाख भागांत पंधरा भाग) आयोडीन असावं असा नियम आहे. पंधरा पीपीएम म्हणजे दहा ग्रॅम मिठात दीडशे मायक्रोग्रॅम. प्रौढाला दिवसाला तेवढंच लागतं, गरोदर बाईला अडीचशे. उघड्या भांड्यात, ओलाव्यात, उन्हात ठेवलं की ते उडतं. म्हणून बरणीला घट्ट झाकण हवं, आणि खडेमीठ वापरत असाल तर त्यात आयोडीन आहे का ते पाकिटावर पाहावं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या जवळपास ६९ टक्के मुलांना रक्तक्षय होता. लोहाच्या कमतरतेने मेंदूवर परिणाम होतो, तोही शिकण्याच्या ऐन वयात. बुद्धिवृद्धीवर एक रुपया खर्चायचा तर तो अंगणवाडीतल्या ताटात पडावा असं मला वाटतं. हे नुसतं मत नाही, हिशोबही तेच सांगतो.

कायदा, आणि क्लिनिकमध्ये विचारायचं ते

भारतात बुद्धीसाठी भ्रूण निवडणं कायद्यात बसत नाही. २०२१ च्या सहाय्यक जननतंत्रज्ञान कायद्यानुसार गर्भाशयात सोडण्याआधीची जनुकीय तपासणी फक्त माहीत असलेल्या, आधीपासून असलेल्या आनुवंशिक किंवा जनुकीय आजारांसाठी करता येते. लिंगनिवडीची सेवा देणं किंवा तिची जाहिरात करणं याला पाच ते दहा वर्षं कैद, दहा ते पंचवीस लाख रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. युरोपच्या मानवी जनुकशास्त्र संघटनेनेही २०२१ मध्ये भ्रूणांसाठी स्कोअर वापरणं अप्रमाणित आणि अनैतिक ठरवलं. पण तपासणीची कच्ची फाईल ईमेलने कुठेही जाते, आणि परदेशात राहणाऱ्यांना हा कायदा लागत नाही.

म्हणून असा तक्ता कुणी पुढे केलाच तर हातात प्रश्न असावेत. हा स्कोअर सख्ख्या भावंडांवर तपासलाय का, की फक्त अनोळखी माणसांवर? भारतीय वंशाच्या किती जणांवर? 'धोका ४० टक्क्यांनी कमी' म्हणता, तर तो शंभरात पाचाचा तीन झाला की पन्नासाचा तीस, हे साध्या आकड्यात सांगा. या स्कोअरबरोबर कुठल्या आजाराचा धोका वाढतो? माझ्या भ्रूणांचा डीएनए कंपनीकडे किती वर्षं राहणार आणि कुणाला विकला जाणार? पुढच्या वर्षी स्कोअरचं नवं सूत्र आलं तर हाच क्रम राहील का? याचं खरं उत्तर बहुतेकदा 'नाही' असं असतं, कारण नव्या अभ्यासाबरोबर वजनं बदलतात आणि तिसरं भ्रूण पहिलं होतं.

आणि शेवटच्या क्रमांकाच्या भ्रूणाबद्दल विचारा. त्याच्यात आजार नाही, गुणसूत्रं बरोबर आहेत, फक्त आकडा खाली आहे. ते नायट्रोजनच्या टाकीत, नळीवर तुमचं नाव लिहून ठेवलेलं असतं. आपल्या कायद्याप्रमाणे जास्तीत जास्त दहा वर्षं. त्यानंतर ते नष्ट होऊ द्यायचं, किंवा तुम्ही सही दिली तर संशोधनाला.